तुम्ही विचारलंत म्हणून: एनव्हिडिया घेऊ का एएमडी?

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडच्या याद्या लागायला लागल्या की नागपुरात बर्डीवरच्या माझ्या दुकानात हा प्रश्न सुरू होतो. पोरगा विचारतो, "ताई, गेमिंग लॅपटॉप घेऊन राहिलो, एनव्हिडिया घेऊ का एएमडी?" मागे उभे असलेले वडील विचारतात, "मॅडम, दोन्हीतलं कोणतं जास्त वर्षं चालते?" मी लॅपटॉप विकत नाही, दुरुस्त करते. त्यामुळे कोणाची बाजू घेऊन मला काही मिळायचं नाही. रोज ते उघडून बघते, म्हणून सांगू शकते.

दुकानात जाऊन रांगेतले गेमिंग लॅपटॉप बघा. जवळपास सगळ्यांत एनव्हिडियाचंच ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारी चिप, दिसेल. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली, तेव्हापासून रेडिऑन ही ग्राफिक्स कार्डं त्यांची. डेस्कटॉपवर आजही ते एनव्हिडियाला चांगलीच टक्कर देतात. लॅपटॉपसाठी २०२३ मध्ये त्यांनी आरएक्स ७६००एस, ७७००एस अशी आठ जीबी मेमरीची कार्डं आणली. ती वाईट अजिबात नव्हती, पण ती बसवलेले लॅपटॉप मोजकेच निघाले. आता लॅपटॉपात त्यांचा जोर प्रोसेसरच्या पोटातच मोठं ग्राफिक्स बसवण्यावर दिसतो. २०२५ चा त्यांचा रायझन एआय मॅक्स प्रोसेसर तसाच आहे. इंटेलनेही २०२२ मध्ये आर्क कार्डं आणून बघितली, ती आपल्याकडे शोधावी लागतात.

इथे एक घोळ होतो. काउंटरवर लॅपटॉप ठेवून काका म्हणतात, "आमच्यात एएमडी आहे." कीबोर्डच्या बाजूला रायझनचा स्टिकर असतो, त्यावर बारीक अक्षरांत रेडिऑन ग्राफिक्सही लिहिलेलं असतं. तो प्रोसेसर आणि त्याच्या आतलं छोटं ग्राफिक्स. गेम चालवणारं कार्ड वेगळं असतं आणि बहुधा एनव्हिडियाचंच निघतं. रायझन प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड ही जोडी तर अगदी नेहमीची. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जा, खाली जीपीयू ० आणि जीपीयू १ अशी दोन नावं दिसतील (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). एकच दिसलं आणि त्यात नुसतं रेडिऑन ग्राफिक्स लिहिलेलं असलं, तर तो साधा लॅपटॉप आहे, गेमिंगच्या भावात घेऊ नका.

"पण एएमडी गरम होते ना?" हे वाक्य मी दुकान टाकल्यापासून ऐकते आहे. त्याचं मूळ जुनं आहे. २०१३ मध्ये त्यांचं आर९ २९०एक्स हे डेस्कटॉप कार्ड आलं, ते ९५ अंशांवर बिनधास्त चालायचं आणि तशीच त्याची रचना होती. तेव्हाची बदनामी अजून पुसली नाही. कार्डात जेवढी वीज जाते तेवढी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. शंभर वॉट एनव्हिडियाने खाल्ले काय आणि एएमडीने खाल्ले काय, तुमच्या मांडीला चटका सारखाच.

म्हणून मी उलट विचारते, "किती वॉटचं आहे?" पोरं गोंधळतात. त्यांनी ४०५०, ४०६०, ४०७० हे एनव्हिडियाच्या कार्डांचे आकडे पाठ केलेले असतात, वॉट कोणी सांगितलेलेच नसतात. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप आवृत्तीला एनव्हिडिया ३५ पासून ११५ वॉटपर्यंतची मुभा देते. किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपात तेच कार्ड ६० वॉटवर बसवलेलं असू शकतं. जाडजूड, मागे मोठ्या जाळ्या असलेल्या लॅपटॉपात ते ११५ वॉट घेतं आणि प्रोसेसर रिकामा असला तर वरचे २५ वॉटही उचलतं. डब्यावरचं नाव मात्र दोन्हीकडे एकच. जावई एकच असला तरी पंगतीत त्याला काय वाढायचं ते सासर ठरवतं, त्यातला प्रकार. कमी वॉटचा ४०६० आणि भरपूर वॉटचा ४०५० यांत फारसा फरक न उरल्याचं मी पाहिलं आहे, आणि ४०६० वाल्याने पैसे मात्र जास्त मोजलेले असतात. ४० मालिकेतल्या या छोट्या कार्डांना १०० वॉटच्या पुढे फार काही मिळत नाही, तेव्हा १४० च्या जाहिरातीने भुलूही नका. ९० ते ११५ मध्ये असलं की पुरे.

हा आकडा मोठ्या पोस्टरवर नसतो. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या माहितीत टीजीपी किंवा मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर असं काहीतरी खाली सापडतं. दुकानात लॅपटॉप चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधलं सिस्टिम इन्फर्मेशन उघडायला सांगा, तिथे लिहिलेलं असतं. विक्रेता म्हणाला "सब सेम है भाऊ", तर समजा की त्यालाही माहीत नाही.

आता नागपूरचा मुद्दा. तो पुण्या-बंगळुरूच्या व्हिडिओत येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्हिडिओत लॅपटॉपचं परीक्षण करणारे लोक एसीच्या खोलीत बसतात, तिथे २४-२५ अंश असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०१३ च्या मेमध्ये तर तो ४७.९ ला टेकला होता. (२०२४ च्या मेअखेरीस नागपुरात ५६ अंश झाल्याची बातमी देशभर फिरली, ती खोटी निघाली. स्वयंचलित केंद्रातला सेन्सरच बिघडला होता, हे हवामान खात्याने सांगितलं. त्या दिवसांत माझ्या दुकानातला पंखाही ५६ च सांगत होता म्हणा.) वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी ४० अंश सहज असतात.

लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही. खोलीतली हवा तो जाळीतून फेकतो, बस. किती उष्णता बाहेर जाईल ते चिप आणि हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. बरीचशी कार्डं ८७ अंशांच्या आसपास आली की स्वतःच वेग उतरवतात. २५ अंशांच्या खोलीत हा फरक ६२ अंशांचा. ४० अंशांच्या खोलीत ४७ चा. म्हणजे तोच पंखा, तीच जाळी, पण उष्णता बाहेर टाकायची ताकद साधारण चौथाईने घटली. व्हिडिओत ११५ वॉट आरामात झेपणारा लॅपटॉप तुमच्या प्रतापनगरच्या खोलीत ८५-९० वर येऊन अडतो. हिशेब ढोबळ आहे, पण मे महिन्यात माझ्या टेबलावर येणाऱ्या "गेम मधेच अटकून राहिला" या तक्रारींचं निम्मं उत्तर त्यात आहे. कार्ड खराब नसतं, ते जीव वाचवत असतं.

तेव्हा नागपूरकराने कार्डाचा आकडा एक पायरी कमी घ्यावा आणि वाचलेले पैसे जाड, जड, दोन मोठे पंखे असलेल्या लॅपटॉपात घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पोरांना ते पटत नाही, कारण मित्रांत सांगायला ४०७० बरं वाटतं. पण लॅपटॉपातल्या ४०७० ची मेमरी ४०६० इतकीच, आठ जीबी, आणि मेमरीचा रस्ताही तेवढाच अरुंद, १२८ बिट. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी असते. नाव तेच, चिप वेगळी. वरच्या टोकालाही तेच आहे, लॅपटॉपचा ४०९० आणि डेस्कटॉपचा ४०९० यांत चिपसुद्धा एक नाही. डेस्कटॉपचे व्हिडिओ बघून लॅपटॉप निवडू नका.

मेमरी मात्र गंभीरपणे बघा. ४०५० ला सहा जीबी आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला ती भरपूर. सायबरपंक २०७७ सारखा जड गेम रे ट्रेसिंग (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायची सोय) लावून खेळायचा तर सहा जीबी अपुरी पडते आणि चित्र झटके देतं. रॅम बहुतेक लॅपटॉपांत नंतर वाढवता येते, एसएसडी बदलता येते, कार्डाची मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली असते. ती वाढवून द्या म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवते. २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेत लॅपटॉपच्या ५०५० लाही आठ जीबी दिली आहे, तीही नव्या जीडीडीआर ७ जातीची. ४०५० आणि ५०५० च्या किमतीत थोडकाच फरक असेल तर विचार करत बसू नका, ५०५० घ्या.

डीएलएसएस आणि एफएसआर यांचंही विचारतात. दोन्ही म्हणजे छोटं चित्र काढून ते हुशारीने मोठं करण्याच्या युक्त्या. एनव्हिडियाची डीएलएसएस आरटीएक्स कार्डांवरच चालते आणि चित्र जास्त स्वच्छ देते. एएमडीची एफएसआर २०२१ मध्ये आली, ती कोणाच्याही कार्डावर चालायची. तिची चौथी आवृत्ती मात्र त्यांनी मुळात आपल्या ९००० मालिकेच्या कार्डांसाठी काढली. लॅपटॉप घेणाऱ्यासाठी हा मुद्दा एनव्हिडियाच्या बाजूने जातो, हे मान्य करायला हवं. पण मधल्या फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, स्वतः बनवून आकडा दुप्पट-चौपट दाखवण्याची जी जाहिरात चालते, तिच्यावर भाळू नका. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्याने वाढत नाही.

पडद्याचं एकच सांगते. २५६० बाय १६०० च्या पडद्यावर साध्या फुल एचडीच्या जवळजवळ दुप्पट ठिपके असतात. ४०५० ला असा पडदा जोडून विकणं म्हणजे कार्डाला रोज ओव्हरटाइम.

आता कूलर. लॅपटॉप गरम होतो म्हणून पोरं तो थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवतात. कूलरने खोली थंड होते, ते उत्तमच. पण समोरच्या झोतात पाण्याचे बारीक थेंब असतात, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षारही. असे लॅपटॉप उघडले की जाळीवर पांढरट थर आणि त्यावर धूळ चिकटून नमदा झालेला दिसतो. तो ब्रशनेही पटकन निघत नाही. कूलर खोलीत असू द्या, लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा, खाली टणक टेबल हवं. गादीवर तर अजिबात नको. उन्हाळ्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा साफ करून घ्या, चिपची उष्णता पुढे नेणारी पेस्ट वाळली असेल तर बदलून घ्या. काही लॅपटॉपांत पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. ते विजेचं वाहक आहे, घरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसू नका. आणि मे महिन्यात गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला ६० किंवा ९० वर बांधून टाका. काही न करता कितीतरी वॉट वाचतात.

लाइट गेल्यावर बॅटरीवर गेम हळू चालतो अशी तक्रार घेऊनही येतात. तो बिघाड नाही. बॅटरी एवढे वॉट देऊ शकत नाही, म्हणून कार्डाला अर्ध्याहून कमी वीज मिळते. दोनशेतीस वॉटचा तो विटेएवढा अडॅप्टर कॉलेजात न्यायचा कंटाळा येतो, पण त्याच्याशिवाय गेमिंग लॅपटॉप हा नुसता जड लॅपटॉप आहे. टाइप-सीच्या चार्जरवर अभ्यास होईल, गेम नाही.

वडिलांचा प्रश्न बहुतेक वेळा शेवटी येतो, मुलगा बाहेर गाडी काढायला गेला की. "मॅडम, खरं सांगा, इंजिनिअरिंगले हे कार्ड लागते का?" खरं सांगते. पहिल्या वर्षाच्या सी आणि पायथॉनला लागत नाही. ऑटोकॅडच्या साध्या ड्रॉइंगलाही नाही. पुढे मशीन लर्निंग घेतलं, ब्लेंडरमध्ये थ्रीडी चित्रं रेंडर करायचं ठरलं, तर उपयोग होतो, आणि तिथे एनव्हिडियाच सोपी पडते, कारण कार्डाकडून असली गणितं करवून घेणारी तिची कुडा ही व्यवस्था २००७ पासून आहे आणि बहुतेक शिकवण्या, बहुतेक लायब्ररी तिच्यावरच चालतात. एएमडीची तशीच रॉकएम आहे, पण तिचा भर मुख्यतः लिनक्सवर आणि निवडक कार्डांवर. सुरुवातीला तर ऑनलाइन गूगल कोलॅबवर फुकट काम भागतं.

"म्हणजे गेमसाठीच घेऊन राहिला तो?"

"हो काका. पण घ्यायचाच असेल तर जाड घ्या, वॉट विचारून घ्या. आणि बिल करायच्या आधी त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का ते बघा, नाहीतर प्रत्येक वेळी कुरिअरने पाठवावा लागेल."