ट्यूबमागच्या रेघा

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मीच हट्ट धरला, साखरपुड्याआधी दोघांची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घ्या म्हणून. आपण विदर्भातली माणसं, आमच्याच घरात एएसवाले, म्हणजे आई किंवा बाप एकाकडूनच ही खोट आलेले वाहक, आहेत, लपवायचं काय त्यात. लॅबमधल्या ताईंनी मला मुद्दाम दाखवलं, ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरला, नॉर्मल रक्ताच्या ट्यूबमधून रेघा स्वच्छ दिसत होत्या आणि भाचीच्या ट्यूबमधून काहीच दिसेना, सगळं गढूळ. नंतर इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघतात त्या तपासणीचा, रिपोर्ट आला, एएस.

हे सगळं एका अक्षरामुळे होतं हो. डीएनएची अक्षरं चारच, ए टी जी सी, आणि तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द, आणि प्रथिनाच्या साखळीत कुठली कडी, म्हणजे अमिनो ॲसिड, बसवायची ते तो शब्द सांगतो. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारं प्रथिन, त्याच्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी जीएजी पाहिजे तिथे जीटीजी आलं, म्हणून ग्लुटामिक ॲसिड जाऊन व्हॅलिन बसलं. एवढ्यानेच एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही हे अक्षर आलेल्या, पेशंटच्या अंगात ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनच्या लांब दोऱ्या होतात, पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं अशी ठणकतात की पोरं रात्र-रात्र रडतात.

मग ही चूक पिढ्यानपिढ्या दुरुस्त का होत नाही? मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. डीएनएच्या दोन पट्ट्या, ए समोर टी आणि जी समोर सी, पट्ट्या सुटल्या की प्रत्येक जुनी पट्टी साच्यासारखी वापरून तिची नवी जोडीदार बनते. १९५३ साली वॉटसन-क्रिक या शास्त्रज्ञांनी डीएनएची रचना मांडली तेव्हाच हे सुचवलं होतं आणि १९५८ मध्ये मेसेल्सन-स्टाल यांनी जिवाणूंवर प्रयोग करून दाखवलं. कॉपी करताना पेशी तपासतेसुद्धा, पण ती बघते फक्त जोडी जुळली का ते, अर्थ बघत नाही. जीटीजीसमोर सीएसी व्यवस्थित जुळतं, मग तिच्या लेखी चूक कुठे आहे? ती इमानदारीने तेच पुढे देते.

आणि एक नातेवाईक बाई म्हणतात "पोरीच्या रक्तातच खोट आहे". खूप लागलं मला ते. आईकडून किंवा बापाकडून आलेलं एक अक्षर, त्यात पोरीचा काय दोष? दोघंही एएस असते तर प्रत्येक बाळाला एसएस व्हायचा धोका २५ टक्के, आणि तो दर खेपेला नव्याने, पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नसतं.

नवऱ्या मुलाचा रिपोर्ट एए, म्हणजे नॉर्मल, आला. म्हणजे यांच्या कुठल्याच बाळाला एसएस होणार नाही, एएस होऊ शकतं, आणि झालंच तर त्या बाळाच्या लग्नाच्या वेळी परत ट्यूबमागच्या रेघा बघायच्या.