विंचू चावला तरी परत तिथेच?

लिफ्टमध्ये, गेटवरच्या भाजीच्या टेम्पोपाशी, नणंदेच्या वास्तुशांतीला जेवता जेवता, आणि आता परवा मुलाच्या क्लासबाहेर. मेचा तिसरा आठवडा आला आणि आमच्या बॅगा निघाल्या की कोणीतरी विचारतंच, "अहो, पोराला विंचू चावला होता ना तिकडे? तरी परत तिथेच जाता?" आणि मी दरवेळी काहीतरी वेगळंच सांगते. कधी आईचं कारण, कधी आंब्यांचं, कधी नुसतंच "चालायचंच हो". चौदावा मजला येईपर्यंत याहून जास्त काय सांगणार. म्हणून आज नीट लिहिते, तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. घोडबंदर रोडला विंचू नसतील पण इथे काय सगळं फार सेफ आहे असं नाही, सर्व्हिस रोडवर पोरांना सायकल देता का तुम्ही? आणि "तिथे मे महिन्यात पाणी नसतं ना" हे आपल्या सोसायटीतल्या बायकांनी म्हणावं, जिथे मे महिन्यात टँकरच्या हॉर्नने सकाळ होते! असो. हे मी वाद घालायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडंसं घालायलाच लिहितेय.

माहेर मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. शहाडच्या पुलाचं ट्रॅफिक सुटलं, रायत्याला उल्हास नदी ओलांडली की मी खिडकी खाली करते आणि नवरा एसी बंद करतो, हे आमचं ठरलेलंच आहे. लोक गावाला मेच्या सुरुवातीला जातात, आम्ही शेवटी, कारण खरं काम तेव्हा असतं. राब भाजून झालेले असतात, शेतांत काळे चौकोन दिसतात. घरावरची कौलं चाळायची असतात, फुटकी काढून नवी बसवायची, शेणी आणि लाकूडफाटा पडवीत घ्यायचा, मिरची-मसाला, सुकट-बोंबील डब्यांत भरायचे. पाऊस आठवड्यावर असतो आणि ऊन 40 च्या वर, सगळं घर चिडलेलं, आणि त्यातच माळ्यावरच्या आढीतल्या रायवळ आंब्यांचा वास. पावशा दिवसभर ओरडत असतो, त्याला काय जातंय ओरडायला. मला हे दहा दिवस आवडतात, याचं कारण मला आजवर देता आलेलं नाही आणि आजही देता येणार नाही.

तर 2019. मुलगा सात वर्षांचा. तेव्हाची मी कशी होते ते तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकायचे, मुलांना मातीत खेळू द्या, अनवाणी चालू द्या, झाडावर चढू द्या, सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवलेली पोरं कशी मोठी होणार वगैरे. आज ते मेसेज वाचले तर कानाखाली द्यावीशी वाटते. पण मग असंही वाटतं की त्यातलं सगळंच काही चुकीचं नव्हतं. त्या तेव्हाच्या बाईशी, म्हणजे माझ्याशीच, माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

संध्याकाळी पाचचा सुमार. आदल्या रात्री वळीव पडून गेला होता म्हणून आई घाईवर आली होती, अंगणातली लाकडं आजच आत घ्या. दादाच्या पोरी, शेजारची दोन पोरं, माझा मुलगा, सगळ्यांची साखळी केली. एकाने उचलायचं, पुढच्याला द्यायचं. मुलगा ढिगापाशी होता. तो थांबला. म्हणाला, आई, मला ते ग्लोव्ह्ज देतेस, मामाचे? दादाचे कौलांच्या कामाचे हातमोजे होते पडवीत, खिळ्याला लटकवलेले, चार पावलांवर. पोरं हसली. आणि मला लाज वाटली. पोराची नाही, माझी, की एवढं सगळं बोलून शेवटी मी शहरी बाहुलाच वाढवला. मी म्हटलं, "कसले ग्लोव्ह्ज? घाल हात. काही होत नाही."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना एवढंच माहीत आहे की लाकडं उचलताना चावला.

त्याने हात घातला. डाव्या हाताची करंगळी की तिच्या शेजारचं बोट, नेमकं कुठलं ते तेव्हा कळलंही नाही, तो नुसता हात झाडत किंचाळत होता. दादाने लाकूड उलटं केलं आणि चपलेने मारला. जेमतेम बोटाएवढा, तांबूस. मी काय विचार केला माहितीये? बरं झालं, छोटाच आहे, इंगळी नाही. ती मोठी काळी इंगळी बघून जीव जातो माणसाचा, आणि हा एवढासा. मला नंतर कळलं की आपल्याकडे घाबरायचं ते त्या छोट्या तांबड्यालाच. काळी नुसतीच अंगाने मोठी.

शेजारच्या काकूंनी चिंचोका उगाळून चिकटवला. कोणीतरी उतरवणाऱ्याला बोलवायला निघालं, त्याला दादाने थांबवलं. मी पोराला मांडीवर घेऊन बसले. तो तासभर रडला आणि मग थांबला. आणि मी सगळ्यांना सांगितलं, उतरला, बघा, थांबला रडायचा. आईने देवापुढे साखर ठेवली.

त्याच्या शर्टाची पाठ ओली होती. मे महिना आहे, कोण नाही घामाघूम? मग त्याने उलटी केली, मी म्हटलं आंबे जास्त झाले असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. सातच्या सुमारास वहिनीने त्याचं पांघरूण सारखं करताना पायाला हात लावला आणि तिथेच थांबली. म्हणाली, "ताई, पाय बघा ह्याचे." गार. माठातल्या पाण्यासारखे गार, त्या उकाड्यात, जिथे आम्ही सगळे पदराने वारा घेत होतो.

दादाने शेजाऱ्यांचा पिकअप काढला. बाजाराच्या गावातल्या डॉक्टरने हाताकडे बघून दुखण्याचं इंजेक्शन दिलं आणि घरी न्या म्हणाला. नाव सांगणार नाही, आणि त्याला तरी काय बोलू, मी स्वतः दोन तास तेच करत होते. वहिनी म्हणाली, घरी नाही, पुढे चला सरकारी दवाखान्यात. त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी सादड्याची झाडं आहेत आणि त्या रात्री ती झाडंच्या झाडं काजव्यांनी भरली होती. तुम्ही बघितलंय का कधी? सुटे काजवे नाही म्हणत मी. अख्खं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं, परत पेटतं. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस असतं हे. दरवर्षी पोराला दाखवायला म्हणून मी मुद्दाम त्या तारखा धरून जायचे. त्या रात्री तो माझ्या मांडीवर डोळे अर्धे मिटून पडलेला आणि बाहेर हे चाललेलं. मी खिडकीची काच वर केली. दादा म्हणाला अगं वारा लागू दे त्याला. मी नाही ऐकलं.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर अगदी पोरगेला होता. त्याने हाताकडे बघितलंच नाही. पाय चाचपले, घाम विचारला, उलटी विचारली. रडायचा कधी थांबला विचारलं. मी आनंदाने सांगितलं, सहालाच थांबला. त्याने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मग समजावलं, चांगला की तो. नुसतं दुखत असेल, पोर बोंबलत असेल तर फारशी भीती नसते. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले की विष अंगात भिनलं समजायचं, पुढे हृदयावर येतं, फुप्फुसात पाणी होतं. प्राझोसिनची अर्धी गोळी दिली, म्हणजे ब्लड प्रेशरची गोळी. सिस्टरने दम दिला, उचलायचं नाही, बसवायचं नाही, आडवाच ठेवायचा, प्रेशर खाली येतं. दर तीन तासांनी परत अर्धी. आणि मला काम दिलं, पाय धरून बसा, गरम झाले की सांगा.

नंतर वाचलं की विंचवावर ही गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 80 च्या दशकात दाखवून दिलं, 2022 ला त्यांना पद्मश्रीही मिळाली. त्याआधी कोकणात विंचवाने पोरं किती जायची ते आई सांगते, पण ती सांगायला लागली की मी उठून जाते.

पाय पहाटे चारला गरम झाले. आधी घोटे, मग टाचा, बोटं सगळ्यात शेवटी. मी सिस्टरला हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना.

तर आता तुमचा प्रश्न. 2020 ला लॉकडाऊन होता, ठरवायची वेळच आली नाही, आणि खरं सांगते मला सुटल्यासारखं झालं होतं. 2021 ला गेलो. का, तर आई थकलीये हे खरं आहे. दादा-वहिनीला वाटेल हिने आपल्यावर राग धरला, हेही आहे. पण आतलं कारण विचाराल तर, मी नाही गेले की सगळे म्हणणार गाव वाईट, तिथे विंचू असतात. आणि गावाने काय केलं हो? हातमोजे खिळ्याला होते. न जाऊन मी बिनबोभाट सुटले असते. हे ऐकायला छान वाटतं, पण नवऱ्याला एकदा सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे तुझ्या प्रायश्चित्तासाठी त्याला न्यायचं का परत? त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण नव्हतं. अजून शोधतेय. तो मात्र दरवर्षी गाडी काढतो.

मुलाला त्या रात्रीचं काय आठवतं तर सिस्टरने दिलेला पार्लेजी आणि पिकअपला ताडपत्री होती ते. "घाल हात" आठवतं का, मी विचारलेलं नाही. आता तेरा वर्षांचा आहे, विचारलं तर खरं सांगेल अशी भीती वाटते.

त्याने मागच्या वर्षी ऑनलाइन एक अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मागवला. त्या उजेडात विंचू हिरवट निळे चमकतात, रेडियम लावल्यासारखे. रात्री जेवणं झाली की बूट घालून, मामाचे हातमोजे चढवून, पोरींना मागे घेऊन जोत्याच्या कडेकडेने फिरतो. लाकडं असतातच अंगणात. मी ओट्यावर बसते, चपला घालून, पाय वर घेऊन. ढिगापाशी तो उजेड थांबतो आणि खूप वेळ तिथेच राहतो.

"आई, दोन आहेत. ये ना बघायला, भारी दिसतायत."

"दिसतंय मला इथून," मी म्हणते. तिथून काही दिसत नाही.