तुम्ही विचारलंत म्हणून: एका डब्यात दोन चुली

सकाळी दुकानातलं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, चालू केलं की काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी येतात. सगळ्यात वर लिनक्स मिंट, सगळ्यात खाली विंडोज 7. एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे तो चालवणारी दोन मूळ सॉफ्टवेअरं. दहा सेकंद कुणी बटण दाबलं नाही तर वरचं आपोआप उघडतं. त्या दहा सेकंदांत काउंटरपुढे कुणी उभं असलं की प्रश्न ठरलेला. "काय करलालाव ताई? एका डब्यात दोन-दोन कशाला? एक काढून टाका की!" सोलापूरच्या पूर्व भागातली गिऱ्हाइकं 'अक्का' म्हणून विचारतात, तेवढाच फरक. आजवर "मोठी गोष्ट आहे ओ" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगूनच टाकते.

साखर पेठेत माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवून द्यायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, टॉवेल-चादरींच्या पॅकिंगची लेबलं अशी कामं. मशीन 2011 चं, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. आमचं सगळं जुनं काम पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली 2001 साली, यावरून काय ते समजा. त्याच्या जोडीला मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, मागे डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, खोचल्याशिवाय न चालणारं. त्या काळच्या फॉन्टची गंमत अशी, की फाइलमध्ये 'क' नसतोच. असतं एखादं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि 'चि. सौ. कां.'च्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची खूण उरते. म्हणजे फाइल हवी तर फॉन्ट हवा, फॉन्ट हवा तर डोंगल, आणि डोंगल हवं तर विंडोज. विंडोजची सॉफ्टवेअरं लिनक्समध्ये चालवणारं वाइन टाकून पाहिलं. पेजमेकर उघडला, पण डोंगल काही ओळखलं जाईना.

मग नुसतं विंडोजच का नको? तर 14 जानेवारी 2020 ला विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट बंद झाले, आणि माझ्या दुकानात दिवसाला वीस पेनड्राइव्ह येतात. शॉर्टकट व्हायरस ज्यांनी भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पेनड्राइव्ह उघडला की फोल्डरांऐवजी नुसते बाण लावलेले शॉर्टकट. एकदा गिऱ्हाइकाचे सगळे फोटो 'गेले' म्हणून तो दुकानातच डोक्याला हात लावून बसला होता. तोच पेनड्राइव्ह मिंटमध्ये लावला, तर लपवलेली सगळी फोल्डरं जागच्या जागी दिसली. त्या दिवसापासून बाहेरचा पेनड्राइव्ह आधी मिंटमध्येच. विंडोज 11 चं म्हणाल तर ते इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचं धरतच नाही, विंडोज 10 चाही पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मशीन धडधाकट असताना भंगारात घालायला माझा हात उचलत नाही.

मिंट बसवताना मात्र घाम फुटला. एप्रिलचं सोलापूर, त्यात लग्नसराई. मिंटची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रुफससारख्या सॉफ्टवेअरने ती लिहावी लागते. तेवढं केलं. न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतं, तेही पाहिलं. वायफाय, प्रिंटर, आवाज सगळं ठीक. मग बसवायला घेतलं तर डिस्कवर रिकामी केलेली जागा समोर दिसतेय, पण घेता येत नाही! 'वापरता न येणारी' असा शेरा. अर्धा दिवस गेल्यावर कळलं, की जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य वाटण्या, म्हणजे पार्टिशन, चारच होतात. विंडोजने स्वतःसाठी 100 एमबीचा एक कोपरा आधीच घेतलेला, वर सी, डी आणि ई. झाले चार. पाचव्याला उंबऱ्याबाहेर उभं केलेलं. उपाय एकच: ई मधला माल बाहेरच्या डिस्कवर काढला, ई पुसली, आणि त्या जागी 'एक्स्टेंडेड' वाटणी केली. तिच्या पोटात मग हव्या तेवढ्या खोल्या पाडता येतात. मशीन नवं असेल, डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची असेल, तर ही भानगड नाही. पण तिथे विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते विंडोजला पुरतं बंद होऊ देत नाही, आणि मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम मोडू नका. मी मोडला नाही, पण माझ्या गैरहजेरीत एकाने मोडला. विंडोज अडखळतंय म्हणून दुरुस्तीवाल्या पोराला बोलावलं होतं. त्याने तत्परतेने विंडोज नव्याने टाकलं आणि ओळींचा तो मेनूच गायब. "दुसरं काय होतं ते उडालं बहुतेक," एवढं सांगून पोरगा पैसे घेऊन गेला. उडालं काही नव्हतं. विंडोज बसताना डिस्कच्या अगदी सुरुवातीला आपली पाटी लावतं आणि दुसऱ्याची काढून टाकतं. घर तिथेच, दारावरची पाटी बदललेली. मिंटच्या पेनड्राइव्हवरच बूट रिपेअर नावाचं दुरुस्तीचं सॉफ्टवेअर असतं, त्याने पाटी परत लागली.

आणि ते घड्याळ! मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे. दुपारी बारा वाजता दिलेल्या बिलावर सकाळचे साडेसहा. साडेसहाला आमच्या गल्लीत दूधवाल्याशिवाय कुणी जागं नसतं. बोर्डावरचा सेल गेला समजून तो बदलला, पैसे वाया. खरं कारण असं, की लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहून ठेवतं, आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून दाखवतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एका ओळीची आज्ञा देऊन घड्याळ स्थानिक वेळेवर आणलं, तेव्हा दोघांचं जमलं.

आता विंडोजला इंटरनेट नाही, त्याचं नेटवर्कच बंद करून ठेवलंय. मेल, बँक, युनिकोडमधलं, म्हणजे मुखवट्याविना खऱ्या मराठी अक्षरांचं, टायपिंग सगळं मिंटमध्ये. रॅम 8 जीबी केली, त्याने ब्राउझर सुसह्य झाला. नव्याने कुणी करणार असेल तर वाटण्यांच्या नादी न लागता एक एसएसडी, म्हणजे वेगळी वेगवान डिस्क, घ्या, लिनक्स तिच्यावर ठेवा आणि जुनी डिस्क जशी आहे तशी राहू द्या. मला हे उशिरा सुचलं.

जुन्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणतेय. परवा अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदाराचं 2012 चं टॉवेलचं लेबल पुन्हा छापायचं होतं. म्हटलं, नव्यानेच करू. दोन तास बसून केलं, अक्षर सुबक, जोडाक्षरं नेटकी. त्यांनी जुनं आणि नवं शेजारी धरलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अक्का, हे चांगलंय, पण गिऱ्हाइकाला ते जुनंच ओळखीचं ओ."

मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि खालचा बाण दाबत शेवटच्या ओळीवर गेले.