पक्ष्यांना पकडायला हेल्गोलँडला कशासाठी?

पक्ष्यांची एवढी आवड असलेल्या माणसाने दर ऑक्टोबरात बोटीने एका उघड्याबोडक्या बेटावर जावे आणि तिथे पक्षी पकडून त्यांच्या पायांत कड्या घालण्याच्या कामाला हातभार लावावा, हे कसे काय, असे पुण्याचे नातेवाईक आणि इथले हँबुर्गचे मराठी स्नेही मला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

हेल्गोलँड हे उत्तर समुद्रातले जर्मनीचे बेट किनाऱ्यापासून सुमारे 50 किलोमीटर आत आहे आणि मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम एक चौरस किलोमीटर भरते. शरद ऋतूत स्कँडिनेव्हियातले छोटे पक्षी रात्रीच्या अंधारात नैर्ऋत्येकडे निघतात. आकाश निरभ्र आणि वारा पाठीशी असेल तर ते बेटावरून केव्हा गेले हे कळतही नाही. पण वाटेत धुके दाटले, पाऊस लागला किंवा वारा फिरून समोरून येऊ लागला, की चहूकडे पाणी असलेल्या त्या पक्ष्यांना टेकायला एवढीच जमीन उरते. अशा सकाळी गवतात, अगदी आपल्या बुटांपाशी गोल्डक्रेस्ट नावाचे इवलेसे पक्षी किडे टिपत असतात. पाच-सहा ग्रॅम वजनाच्या त्या जिवाला भुकेपुढे माणसाकडे पाहायलाही सवड नसते. मुख्य भूमीवर हेच पक्षी रानोमाळ विखुरतात. इथे ते मोजता येतात.

पक्षी पकडणे या बेटाला जुनेच आहे. पूर्वी बेटवासी झुडपे रोवून, त्यांवर जाळे टाकून कस्तुरवर्गातले पक्षी खाण्यासाठी धरत. 1910 साली ह्यूगो वायगोल्ड यांनी इथे पक्षी-संशोधन केंद्र सुरू केले आणि पुढे त्याच युक्तीतून झुडपांवर उभारलेला, निमुळता होत जाणारा जाळीचा पिंजरा तयार झाला. जगभरच्या केंद्रांत तो आज हेल्गोलँड ट्रॅप म्हणूनच ओळखला जातो. जो सापळा पक्ष्याला ताटात नेत होता तोच त्याला नोंदवहीत नेऊन पुन्हा मोकळा करू लागला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपण झुडपांमधून सावकाश चालत जायचे, पक्षी पुढे सरकत टोकाच्या पेटीत शिरतात. तिथून कापडी पिशवीत. मग प्रशिक्षित, परवानाधारक माणूस पक्ष्याची मान तर्जनी आणि मध्यमेच्या मध्ये अलगद धरतो, पायाच्या मापाची हलकी धातूची कडी चढवतो, पंख मोजतो आणि पोटावरची पिसे फुंकरीने बाजूला सारतो. पातळ कातडीखाली पिवळसर चरबी दिसली तर पुढच्या उड्डाणाची शिदोरी जमली आहे; तांबूस स्नायूच दिसला तर पक्ष्याला अजून खाण्याची गरज आहे. वजन झाले की लगेच सोडतात. पक्ष्याला क्षणभर भीती वाटते, हे मी नाकारत नाही. परंतु त्याची प्रकृती मोजमापापेक्षा महत्त्वाची, हा तिथला पहिला नियम आहे, आणि तो पाळला जाताना मी पाहिला आहे.

यातून हाती काय लागते? वसंतात परतणारे अनेक पक्षी पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागले आहेत, हे 1960 पासून इथे सातत्याने ठेवलेल्या नोंदींनी दाखवले. एकेकट्याच्या दुर्बिणीला हे कधीच दिसले नसते.

पुण्याच्या मंडळींसाठी आणखी एक. हिवाळ्यात तुमच्या बागेत शेपटी उडवत बसणारा रेड-ब्रेस्टेड फ्लायकॅचर पूर्व युरोपाकडचा आहे. त्याने आग्नेयेला जायचे, तरी दर शरदात त्यांपैकी काही, विशेषतः त्याच वर्षी जन्मलेले, पश्चिमेला या बेटावर येऊन उतरतात. हे असे का होते, यावर संशोधक अजून काम करत आहेत. आपल्याकडेही बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 साली सलीम अलींच्या पुढाकाराने स्थलांतराच्या अभ्यासासाठी पक्ष्यांना कड्या घालण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला होता. तेव्हा पाणथळीवर कधी कडी असलेला मृत पक्षी आढळला, तर कडीवरची अक्षरे व क्रमांक, ठिकाण आणि तारीख लिहून घ्या, फोटो काढा आणि सोसायटीला कळवा.