३७ दिवस, ९९९ पक्षी आणि पहाटेचा एक

३० जून. झाले २७.

हिशेब असा. आजपासून ५ ऑगस्टच्या रात्रीपर्यंत ३७ दिवस आहेत. रोज कागद दुमडून २७ क्रौंच पक्षी केले की ९९९ भरतात. हजारावा ६ ऑगस्टला पहाटे पावणेपाचला करायचा. हिरोशिमात सकाळचे सव्वाआठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पावणेपाच झालेले असतात, आणि १९४५ साली बॉम्ब पडला तो सव्वाआठला.

पक्ष्यामागे ठरलेले पैसे देणारे २३ जण आज वहीत आहेत. १९ जण एक रुपया देणार, चौघे २५ पैसे. सगळी रक्कम अण्वस्त्रबंदीचं काम करणाऱ्या एका छोट्या गटाला जाईल. ते शाळांमध्ये आणि वस्त्यांमध्ये हिरोशिमा-नागासाकीची चित्रं घेऊन जातात, बोलतात. अण्वस्त्रबंदीचा करार २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आहे, पण अण्वस्त्रं बाळगणाऱ्या एकाही देशाने त्यावर सही केलेली नाही, आपणही नाही. या कराराची मराठी पुस्तिका त्या गटाला छापायची आहे. मला त्या पुस्तिकेची घाई आहे.

कागद घोटीव, साडेसात सेंटिमीटरचा चौकोन. मोठ्या कागदातून ६० निघतात. १८ कागद प्रेसमध्ये कापून आणले.

४ जुलै. झाले ११८. हवे होते १३५.

मागे पडले ते कापणीमुळे. चौकोन एका बाजूला जेमतेम अर्धा मिलिमीटर जास्त आहेत. हाताला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही, पण बर्ड बेसपर्यंत, म्हणजे पक्ष्याच्या पायाच्या घडीपर्यंत पोचलं की दोन टोकं एकमेकांवर बसत नाहीत आणि चोच दुभंगते. आता प्रत्येक चौकोन आधी कर्णावर दुमडून बघते आणि जास्तीची कड कात्रीने काढते. पक्ष्याला साडेतीन मिनिटं लागायची, आता पाच लागतात.

समोरच्या दारातले काका आले होते. त्यांची सगळी नोकरी अणुशक्तीनगरात गेली. १९९८ साली पोखरणची बातमी आली तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले होते, हे ते स्वतःच सांगतात. त्यांनी वही वाचली आणि म्हणाले, "अगं, कागद दुमडून बॉम्ब जात नसतो."

मी म्हटलं, "जात नाही, काका. पण पक्ष्यामागे किती देता असं विचारलं की माणूस पाच मिनिटं थांबतो आणि बोलतो. आत्ता तुम्ही थांबलात तसा."

"शेजारी घेऊन बसलेत आणि आपण एकट्यानं टाकायचे?"

"एकट्यानं नाहीच. करार सगळ्यांसाठी आहे."

अर्धा तास बोललो. पटलं काहीच नाही. उठताना मात्र त्यांनी वही ओढून घेतली आणि पक्ष्यामागे दोन रुपये लिहिले. अट एकच : प्रत्येक पक्षी ते स्वतः मोजणार, आणि वाकडा असेल तो धरणार नाहीत.

११ जुलै. झाले २९१. हवे होते ३२४.

पाऊस. घोटीव कागद सर्दावतो, मऊ पडतो आणि नखाने दाबलेली घडी मिनिटभरात उघडते. पेटल फोल्ड, म्हणजे पाकळीसारखी घडी, उचलताना कागद टोकाशी फाटतो, आणि फाटतो तो नेमका रंगाच्या बाजूने, पांढरं दिसेल असा. आठ वाया गेले. उपाय साधा निघाला : कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते आणि शेजारी फडक्यात बांधलेले मूठभर भाजलेले तांदूळ. रोज संध्याकाळी तांदूळ तव्यावर पुन्हा गरम करते. करून बघा, कागद कुरकुरीत राहतो.

काकांनी सहा पक्षी बाद केले. सगळ्यांची शेपटी चोचीपेक्षा जाड होती. त्यांचं बरोबर होतं.

१९ जुलै. झाले ५३३. हवे होते ५४०.

भरपाई झाली ती परवाच्या संध्याकाळी. सीएसएमटीहून मुलुंडला निघाले आणि सायन-कुर्ल्याच्या मधे गाडी अडीच तास उभी राहिली. रुळांवर पाणी. बसायला खिडकी मिळाली होती, मांडीवर कागदांचा डबा उघडला आणि पक्षी करायला लागले. पहिला तास सगळ्या नुसत्या बघत होत्या. मग चौथ्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "हे कशासाठी?" मी सादाकोची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट इथेही नीट लिहून ठेवते, कारण आपल्यातही ती चुकीची सांगितली जाते. सादाको सासाकी ही हिरोशिमाची मुलगी, बॉम्बच्या वेळी दोन वर्षांची होती. १९५५ साली ल्युकेमियाने हॉस्पिटलात गेली आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला वारली, वय १२. हजार पक्षी केले की इच्छा पूर्ण होते असं जपानात मानतात, म्हणून ती हॉस्पिटलात पक्षी करायची. ती ६४४ पक्ष्यांवर थांबली हे मुलांसाठीच्या गोष्टीतलं आहे. खरं म्हणजे तिने हजार केव्हाच ओलांडले होते आणि तरीही ती करत राहिली. औषधाच्या पुड्यांचे कागद घ्यायची, आणि कागद फार लहान असला की सुईने घड्या घालायची. हजार पूर्ण होऊनही बरं वाटलं नाही, तरी तिने पुढचा कागद घेतला. मला ही खरी गोष्ट जास्त जवळची वाटते.

डबा गप्प झाला. मग एकीने हात पुढे केला, "दाखवा मला." मी स्वतः ४६ केले. त्यांनी केलेले मोजणीत धरले नाहीत, ज्याचे त्याने घरी नेले. उतरेपर्यंत सात जणींनी पक्ष्यामागे ५० पैसे लिहून दिले. आता वहीत ३१ नावं आहेत आणि हजार झाले तर २५,५०० रुपये.

२७ जुलै. झाले ७६०. हवे होते ७५६.

हौसेने जोडपक्षी करून बघितले, दोन चौकोन टोकाशी दोन मिलिमीटर अखंड ठेवून. जपानात १७९७ साली छापलेल्या पुस्तकात एकाच कागदातून असे जोडलेले पक्षी आहेत. घोटीव कागदात पंखांचा सांधा टिकत नाही, त्याला लांब धाग्याचा हातकागद हवा. हे एक की दोन यावर काकांशी वाद होण्याआधीच ते बाजूला ठेवले.

आता ओवणं. २५ माळा, प्रत्येकी ४०. शिवणाची सुई आखूड पडत होती. दादरच्या फुलबाजारातल्या हारवाल्या मावशींनी त्यांची लांब सुई दिली आणि ओवायचं कसं तेही दाखवलं : पक्षी सुईवर चढवायचा, सुई पक्ष्यात खुपसायची नाही. पोटाखालच्या भोकातून आत, पाठीच्या टोकातून बाहेर. दोरा गोधडीचा, खाली गाठीऐवजी शर्टाचं बटण.

५ ऑगस्ट, रात्र. झाले ९९९.

काकांनी एकूण ११ बाद केले होते, ते सगळे नव्या कागदाचे पुन्हा केले. २४ माळा टांगल्या आहेत, पंचविसावीत ३९.

६ ऑगस्ट.

पावणेपाचला दिवा लावून बसले. पांढरा कागद घेतला होता. बाहेर पाऊस नव्हता. शेवटची घडी, चोच, दुमडली तेव्हा चार वाजून एकोणपन्नास मिनिटं.

सकाळी माळा वरळीच्या जपानी बौद्ध मंदिरात घेऊन गेले. निचिदात्सू फुजी गुरुजींच्या निप्पोन्झान म्योहोजी पंथाचं मंदिर. १९३३ साली वर्ध्यात गांधीजींना भेटलेले हे भिक्षू पुढे जन्मभर शांतीसाठीच फिरले. मंदिरातला ढोल ऐकत थोडा वेळ बसले. नंतर माळा चित्रप्रदर्शनासाठी गटाकडे पोचवल्या.

१४ ऑगस्ट.

२२,००० जमा झाले. चौघांचे मिळून ३,५०० यायचे आहेत, उद्या फोन करते. पुस्तिकेचं काम छापखान्यात गेलं.

काकांचे दोन हजार दाराखालून पाकिटात आले. आत नोटांना गुंडाळलेली चिठ्ठी : "९८९ + दुरुस्त ११ = १०००. तपासले. पुस्तिका आली की एक प्रत मला, वाचून चुका काढीन."