दप्तर कुणाकडे आहे, ते आधी विचारा

भाचीच्या जात पडताळणीचं प्रकरण भरायचं होतं. ‘मावशी, सगळ्याच्या ट्रू कॉप्या तयार आहेत,’ म्हणत तिने फाइल पुढे केली. प्रत्येक झेरॉक्सवर तिची सही. दहावीची गुणपत्रिका, रहिवासाचा दाखला, इथवर ठीक. पण पणजोबांच्या जन्मनोंदीवरही बाईंचीच सही!

माझी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात गेली, त्यामुळे या बाबतीत मी जरा खडूस आहे. स्वसाक्षांकन म्हणजे ‘हे खरं आहे’ असं आपणच सांगणं. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने ते बऱ्याच कामांना चालू लागलं, हे फार बरं झालं. त्याआधी पोरं गॅझेटेड ऑफिसर शोधत वणवण करायची. तो साहेब तरी काय करायचा? आपण नेलेलं मूळ कागदपत्र बघून झेरॉक्सवर सही ठोकायचा. मूळ नोंदवही त्याने कधी पाहिलेलीच नसायची.

पणजोबांच्या नोंदीची मात्र प्रमाणित नक्कल हवी, आणि ती देतो तो ज्याच्या ताब्यात दप्तर, म्हणजे मूळ नोंदी, आहे तो. पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ७६ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ७५ आहे. खाली खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही हवी. नाव-हुद्द्याशिवाय नुसता गोल शिक्का आणि एक वेलांटी मारलेली असेल, तर तिथल्या तिथे परत द्यावी.

जुन्या नकला बघायला मला अजून आवडतं. तळाशी ‘अस्सलबरहुकूम (म्हणजे मुळाप्रमाणे) खरी नक्कल’, त्याखाली नक्कल करणार आणि रुजुवात घेणार अशा दोन वेगळ्या सह्या. एकाने लिहायचं, दुसऱ्याने अस्सलाशी ओळ न् ओळ ताडून बघायची. झेरॉक्स आल्यावर लिहिणं संपलं, पण रुजुवात संपायला नको होती. अर्धं पान कापलेली, समासातला शेरा गायब झालेली नक्कल हातात पडते, ती यामुळेच.

तर पणजोबांची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात. ते बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. अर्जात गाव, साल आणि नाव लिहायचं. साल नक्की नसेल तर मागचीपुढची दोन-चार सालं टाकायची, नाहीतर ‘नोंद आढळून येत नाही’ असा शेरा मिळतो. नोंद मोडी लिपीत लिहिलेली असेल तर लिप्यंतर जाणकाराकडून वेगळं करून घ्यावं लागतं. शाळेचंही तसंच: जुन्या दाखल्याची झेरॉक्स असली, तरी जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा, उतारा मुख्याध्यापकांकडूनच घ्यावा. सातबाऱ्याची मात्र कटकट मिटली. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो, तलाठ्याचा शिक्का लागत नाही.

नक्कल कोर्टाच्या निकालाची असेल, तर शिक्क्यातल्या तारखा नीट बघा: अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेला वेळ १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतो. पण अर्ज करण्याआधी घरी काढलेले दिवस मुदतीतच धरले जातात. म्हणून वकील निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकतात.