वाकेनच्या फोटोत मी का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर आमच्या घरात हा विषय बंद आहे.

"काय गं, त्या वाकेनच्या एकाही फोटोत तू कशी नाहीस?" कोजागरीला गच्चीवर, मुंजीच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. प्रश्न फोटोचा नसतो हे मलाही कळतं. भांडलात का, एवढंच विचारायचं असतं. प्रागच्या पुलावर आम्ही जोडीनं उभे, व्हिएन्नाच्या राजवाड्यासमोर जोडीनं, ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठी जोडीनं. मध्येच जर्मनीतल्या वाकेनच्या संगीत महोत्सवात तीन दिवस नवरा एकटा. काळा टी-शर्ट, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हाताची तर्जनी आणि करंगळी वर. मग पुन्हा जोडी.

आजवर माझी दोन उत्तरं ठरलेली होती. एक, फोटो मीच काढत होते. दोन, डोकं दुखत होतं. पहिलं गुरुवारपुरतं खरं आहे. दुसरं मी परतीच्या विमानातच तयार केलं होतं.

"या वयात असलं संगीत?" असं म्हणत नाक मुरडणाऱ्यांचं आधी उरकते. नवरा सांगलीला इंजिनिअरिंग करत होता तेव्हापासून मेटल, म्हणजे कर्कश गिटारींचं रॉक संगीत, ऐकतो. कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून आणखी एक, असं करत खरखर जास्त आणि गाणं कमी उरलेल्या कॅसेट्स आमच्या माळ्यावर अजून आहेत. सवाई गंधर्व महोत्सवात तो दर डिसेंबरला माझ्याशेजारी बसतो, पंचवीस वर्षं झाली. विलंबित ख्यालाला डुलक्या घेतो, पण बसतो. महोत्सव रमणबागेत व्हायचा तेव्हा त्या थंडीत शाल माझ्या अंगावर आणि थर्मास त्याच्या हातात असायचा. तेव्हा त्याच्या जत्रेला मी एकदा जाणं हे न्यायाचंच होतं. मी तेव्हाही असंच म्हणत होते, "न्यायाचं आहे." हा शब्द लक्षात ठेवा.

वाकेन हे जर्मनीच्या उत्तरेला, हॅम्बुर्गच्या पुढे, दोनेक हजार वस्तीचं गाव. गायी, मका, लाल विटांची घरं. १९९० साली गावातल्या दोघांनी हा मेटलचा महोत्सव सुरू केला तेव्हा आठशेच्या आसपास लोक आले होते. आता ऑगस्टच्या सुरुवातीला ऐंशी हजारांच्या वर येतात. इत्झेहोला रेल्वेतून उतरायचं, तिथून बस. गावातली पोरं हातगाड्या घेऊन उभी असतात, दोन-चार युरोत सामान तंबूपर्यंत नेतात. म्हाताऱ्या अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या, अंगभर गोंदवलेल्या माणसांना हात करणाऱ्या. गावच्या अग्निशमन दलाचा पितळी वाद्यांचा बँडसुद्धा वाजवतो, अगदी आपल्या वरातीसारखा, आणि लोक त्याच्यावरही नाचतात. मला हे सगळं आवडलं, खरंच. गुरुवार दुपारपर्यंत मी खूश होते. फोटो काढत होते.

गुरुवारी, ४ ऑगस्टला, रात्री आयर्न मेडन हा त्याचा लाडका इंग्लिश बँड होता. उत्तरेकडे उजेड लवकर जात नाही, साडेनऊलासुद्धा आभाळ फिकट निळं. आवाज कानांना कमी आणि बरगड्यांना जास्त लागतो. कानात बोळे होते तरी माझं मंगळसूत्र छातीवर थरथरत होतं. मग एका गाण्यात शब्द थांबले आणि सगळ्या मैदानानं नुसती चाल उचलली. (वारीशी तुलना करू नका. जो तो करतो, आणि त्यातल्या निम्म्यांनी वारी टीव्हीवर पाहिलेली असते.) मी फोटोसाठी त्याच्याकडे वळले, तर हा रडत होता. डोळे पाणावले वगैरे नाही. हुंदके. शेजारच्या तंबूतल्या दाढीवाल्या जर्मन माणसानं त्याच्या खांद्यावर हात टाकला होता आणि हा त्याच्या बगलेत तोंड घालून रडत होता.

तो फोटो मी काढला नाही. त्यानंतर एकही काढला नाही. शुक्रवारचे आहेत ते त्या दाढीवाल्यानं काढलेले.

आता तुम्ही म्हणाल, नवरा आनंदानं रडला, त्यात तुझं काय गेलं? मीही शुक्रवारभर स्वतःला हेच विचारत होते. गमबुटात पाय ओले, शौचालयाची रांग, पावसातल्या पालासारखा तंबूला येणारा वास, ही सगळी कारणं हाताशी होती, आणि मी ती एकेक वापरत होते. रात्री त्यानं विचारलं, "झालंय काय तुला?" मी म्हटलं, "आप्पा गेले तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस."

असं बोलायला नको होतं. पण मी बोलले, आणि इथे लिहिताना गाळत नाही.

तो बराच वेळ गप्प बसला. मग शांतपणे म्हणाला, "बंगलोरच्या वेळी तू सगळ्यांना काय सांगितलं होतंस, मला माहीत आहे."

२००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात आले, बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. हा पुण्याहून रात्रभर बसनं गेला. त्याच आठवड्यात घरी माझ्या माहेरची माणसं उतरली होती. ती विचारायची, जावईबापू कुठे? मी म्हणायचे, "कंपनीच्या कामाला." चाळिशीतला माणूस, पदरी पोर, आणि केस वाढवलेल्यांचं गाणं ऐकायला आठशे किलोमीटरवर गेला, हे सांगायला मला लाज वाटली होती. त्याला हे माहीत होतं हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. त्यानं एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"आणि आता तू आली आहेस ती उपकार फेडायला," तो म्हणाला. "न्यायाचं आहे म्हणतेस ना?" मग कूस बदलून झोपला. झोपला म्हणजे घोरला. हे मला जास्त लागलं.

शनिवारी साडेपाचला उठले. चिठ्ठी लिहिली: "लुबेकला जातेय. रात्री नऊपर्यंत येते. चिडून नाही." कागद नव्हता, म्हणून कोण कधी वाजवणार त्याच्या छापील वेळापत्रकाच्या मागे लिहिली आणि त्याच्या बुटावर ठेवली. नजरेतून सुटणार नाही अशा ठिकाणी ठेवली, हा माझा मुद्दा आहे. युरेलचा पास होताच. इत्झेहो, हॅम्बुर्ग, लुबेक.

लुबेकच का? कारण हे जुनं शहर आमच्या सहलीच्या यादीत होतं आणि त्यानं ते वाकेनसाठी कापलं होतं. झालं?

तिथलं सेंट मेरीचं चर्च तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. १९४२ च्या पाम संडेच्या रात्री शहरावर बाँब पडले, चर्च पेटलं, दक्षिण मनोऱ्यातल्या प्रचंड घंटा खाली कोसळल्या. त्या उचललेल्या नाहीत. जिथे पडल्या तिथेच, फरशीत रुतलेल्या, तडकलेल्या, तशाच ठेवल्या आहेत. जाळीपलीकडून बघायच्या. मी बराच वेळ तिथे उभी होते. मला साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. पाय दुखत होते आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा शांतता होती, एवढंच. ऑर्गन वाजत नव्हता.

त्याच चर्चमध्ये बुक्स्टेहुडे हा नावाजलेला संगीतकार ऑर्गन वाजवायचा. त्याचं वादन ऐकायला १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख, पुढे थोर संगीतकार झालेला, आर्नश्टाटमधल्या चर्चच्या नोकरीवरून निघाला, चारशेच्या आसपास किलोमीटर, पायी. रजा चार आठवड्यांची घेतली आणि चार महिने उगवला नाही. परतल्यावर वरिष्ठांनी जाब विचारला. हे मला आधीही माहीत होतं. पण तिथल्या बाकावर बसल्यावर पहिला विचार हा आला की आर्नश्टाटमध्ये कुणी चौकशी केली असेल तेव्हा त्याच्या ओळखीच्यांनी काय सांगितलं असेल. कंपनीच्या कामाला गेलाय?

बाहेर चर्चच्या भिंतीशी एक छोटा ब्राँझचा सैतान बसलेला आहे. गोष्ट अशी की इथे दारूचा गुत्ता होतोय असं वाटून त्यानं बांधकामाला हातभार लावला, आणि चर्च आहे कळल्यावर दगड घेऊन पाडायला निघाला. गावकऱ्यांनी शेजारीच गुत्ता बांधून देण्याचं कबूल केलं तेव्हा शांत झाला. येणारे-जाणारे त्याची शिंगं चोळतात. फोटोतल्या नवऱ्याच्या बोटांसारखी शिंगं. हा इथे असता तर हसून लोळला असता. फोन हातात होता.

फोनची बॅटरी संपली, असं मी नेहमी सांगते. संपली हे खरं. पण दुपारी एकला. तोवर सात तास फोन चालू होता आणि मी केला नाही. त्यानं केले होते. मी ते उचलले नाहीत. चिठ्ठी आहे की, असं मनाशी म्हणत होते.

रात्री साडेनऊला बसमधून उतरून तंबूंच्या गल्लीत शिरले तर ओळखपाळख नसलेली माणसं मला बघून ओरडायला लागली. "शी इज हिअर!" दाढीवाला धावत सुटला. मग कळलं. चिठ्ठी मिळालीच नव्हती. हा सकाळपासून प्रथमोपचाराच्या तंबूत, चौकशीच्या खिडकीवर, बायकांच्या न्हाणीघराबाहेर विचारत फिरत होता. पिवळा रेनकोट, पाच फूट एक इंच, चष्मा. शेजारचे चौघे त्याच्याबरोबर. ज्या एका बँडसाठी तो तीन वर्षं तिकिटाची वाट बघत होता, तो सहाला वाजवून गेला. त्या वेळी हा इत्झेहोच्या स्टेशनवर उभा होता. मी हॅम्बुर्गहून तिथे पोचले तोवर तो परत गेला होता.

मला बघून काही बोलला नाही. "चहा घेणार?" एवढंच. मी लुबेकचं मार्झिपान पुढे केलं. त्यानं तुकडा तोडला आणि म्हणाला, "बदामाची बर्फी." मग खिशातून वेळापत्रक काढून कोण राहिलंय ते पाहिलं. उजेडाकडे धरलं तेव्हा पलीकडून माझं अक्षर दिसलं. मला आणि त्यालाही. दिवसभर चिठ्ठी त्याच्या खिशात होती. सकाळी बुटावरून उचलली, बँडच्या वेळा पाहिल्या, घडी घातली.

यावर आमचं आजही एकमत नाही. तो म्हणतो, वेळापत्रकाच्या पाठीवर चिठ्ठी कोण लिहितं? मी म्हणते, बायको बेपत्ता असताना आधी बँडच्या वेळा कोण बघतं? तो म्हणतो, तेव्हा तू बेपत्ता नव्हतीस, तोंड धुवायला गेली होतीस. हे बरोबर आहे, पण मी अजून कबूल केलेलं नाही. मी म्हणते, चिठ्ठीत लिहिलं होतं ना चिडून नाही. तो म्हणतो, तेच वाचून कळलं असतं.

बंगलोरचा विषय त्यानं पुन्हा काढलेला नाही. मीही नाही. त्याच्या बहिणीला मात्र मी मागच्या दिवाळीत सांगून टाकलं की २००७ साली तो कामाला गेला नव्हता. ती म्हणाली, "अगं, आम्हाला तेव्हाच माहीत होतं. परत येताना आईसाठी तिथली साडी आणून त्यानं सगळं सांगितलं होतं." म्हणजे नऊ वर्षं न कळलेली मी एकटीच.

आणि हो, वाकेनचा एक फोटो आहे ज्यात मी आहे. रविवार सकाळचा, परतीच्या बसच्या रांगेतला, दाढीवाल्यानं काढलेला. मी मार्झिपानचा डबा धरून डावीकडे बघतेय, हा उजवीकडे. तो त्याच्या फोनमध्ये आहे. मागू नका, देणार नाही तो.